मधली पायरी

फळ्यावर उत्तर उतरलं तसा वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि अहिरराव सर स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखे बघत राहिले.

समीकरणं काही अवघड नव्हती. 2x + y = 7 आणि x − y = 2. दहावीच्या पहिल्याच प्रकरणातली. सरांच्या हातानं ती सोडवली, काचेच्या फळ्यावर आलेखाच्या चौकटी उमटवून दोन रेषा काढल्या, त्या एकमेकींना छेदत होत्या तिथं ठिपका दिला आणि शेजारी (3, 1) असं लिहिलं. अक्षर तेच, पूर्वीसारखं वळणदार. आजारपणानंतर सर आज प्रथमच वर्गावर उभे होते. मुख्याध्यापिका सूर्यवंशी मॅडम मागच्या बाकाशेजारी उभ्या राहून डोळे टिपत होत्या.

सरांच्या हातानं सोडवली असं म्हणायचं कारण, सरांना स्वतःला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. दोन समीकरणांवरून हात तिनापर्यंत कसा पोचला हे त्यांनी समोरच्या मुलांसारखंच बाहेरून पाहिलं होतं. मुलांना निदान काहीतरी उमगलं असावं.

प्रभाकर अहिरराव धुळ्यातल्या एका शाळेत गेली पंचवीसेक वर्षं गणित शिकवत होते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, अंगणात सायकलची चेन बसवत असताना, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला. हातपाय, बोलणं, माणसं ओळखणं, सगळं शाबूत राहिलं. गेला तो डाव्या बाजूचा, कानाच्या वर मागच्या अंगाला असलेला एक लहानसा तुकडा. मेंदूत संख्यांचा संसार चालतो तो नेमका तिथं. शुद्धीवर आल्यावर परिचारिकेनं बोटं दाखवून "किती?" विचारलं, तेव्हा सरांना प्रश्नच कळला नाही. बोटं दिसत होती, किती हे मात्र कुठंच नव्हतं.

पुढचे काही महिने पत्नीनं, शैलजाताईंनी, त्यांना लहान मुलासारखं शिकवलं. त्या पोस्टात नोकरीला होत्या. रजा काढून घरी बसल्या. दोन माणसांच्या जेवणाला सर चार ताटं मांडायचे, आमटीत मीठ पळीनं घालायचे, घड्याळाकडे बघून रडायचे. हळूहळू मोजणं परत आलं. घड्याळ परत आलं. भाजीवाल्याशी हिशेब जमू लागला. पण अक्षर आणि अंक एकत्र आले, 2x दिसलं, की डोळ्यांपुढे धुकं यायचं.

मग नाशिकच्या डॉक्टर फरीदा तांबोळींनी 'दुवा' सुचवला.

दुवा म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ एक जाळी. ती मेंदूच्या पृष्ठभागावर, मेलेल्या तुकड्यावर अंथरायची. पुढच्या टोकानं ती ऐकते. 'मला हे गणित सोडवायचंय' असा हेतू मेंदूत उठला की त्याची विजेची बारीक लहर जाळीला कळते. मग कानामागच्या पेटीतला संगणक पुढची पायरी काढतो, आणि जाळीचं दुसरं टोक ती पायरी हाताला आणि जिभेला पोचवतं. मेंदू परक्याची चाल पटकन स्वीकारत नाही, म्हणून संगणकाला ज्याची त्याचीच पद्धत शिकवावी लागते. सरांच्या बाबतीत ते सोपं गेलं. वर्गावर्गात कॅमेरे बसून बरीच वर्षं झाली होती. त्यांचे सगळे तास शाळेकडे जपून ठेवलेले होते, आणि पेटी ते तास बघून शिकली. म्हणजे सरांना आता पायऱ्या पुरवत होते ते आजारापूर्वीचे अहिरराव सरच.

"लॉटरीच लागली म्हणायची," शैलजाताई त्या दिवशी संध्याकाळी म्हणाल्या. त्यांनी शिरा केला होता. "मॅडमचा फोन आला होता मला. म्हणाल्या, सर अगदी पहिल्यासारखे शिकवतात."

"हो, अगदी पहिल्यासारखे," सर म्हणाले, आणि चमच्यानं शिरा उगाच इकडचा तिकडे करत राहिले.

"मग तोंड का असं?"

"शैला, मला येतंय. पण कळत नाहीये."

"म्हणजे काय? येतंय म्हणजे कळतंयच ना!"

"नाही, म्हणजे..." सरांनी ताट बाजूला सारलं.

*

जुलैच्या एका तासाला चैताली बेडसे उभी राहिली. तिसऱ्या बाकावरची, दोन वेण्यांची, हात वर करताना कोपर दुसऱ्या हातानं धरणारी मुलगी. फळ्यावर y = 2x + 1 चा आलेख होता. हातानं x ला एक, दोन, तीन अशा किमती दिल्या होत्या, y तीन, पाच, सात आला होता, तीन ठिपके दिले होते आणि पट्टी लावून ते जोडले होते.

"सर, ठिपके तीनच काढले ना?"

"हो."

"मग मधे काय आहे ते आपण बघितलंच नाही. पट्टी आपण लावली म्हणून सरळ आली. खरी रेषा दोन ठिपक्यांच्या मधे वाकत असली तर?"

वर्गात खसखस पिकली. सरांना मात्र प्रश्न एकदम लख्ख कळला. आजारानंतर गणितातली एखादी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच इतकी स्वच्छ कळली होती, आणि ती उत्तर नसून प्रश्न होती. खरंच, मधे काय आहे? त्यांनी उत्सुकतेनं स्वतःकडेच कान लावला. जीभ हलली.

"रेषीय समीकरण आहे, म्हणून रेषा येते. पुढचं उदाहरण घ्या."

"पण सर, रेषा येते म्हणूनच त्याला रेषीय म्हणतात ना? मग..."

"पुस्तकात व्याख्या दिलीय. वाच. बस खाली."

चैताली बसली. शब्द सरांचेच होते, आवाजही त्यांचाच. पण त्यांना स्वतःला त्या मुलीच्या बाकावर, तिच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटत होतं. तास संपेपर्यंत हात उदाहरणामागून उदाहरणं सोडवत गेला.

त्यांना एक विचार छळू लागला. दुव्यानं दिलं ते उत्तर जुन्या तासांतूनच आलं होतं. म्हणजे हा प्रश्न पूर्वीही कुणीतरी विचारला होता आणि त्यांनी तो असाच उडवून लावला होता. तेव्हा त्यांना खरं उत्तर माहीत होतं, पण वेळ नव्हता? की तेव्हाही माहीत नव्हतं? धडधाकट असताना तरी त्यांना गणित कळत होतं, की नुसतं येत होतं?

आठवून बघावं तर आठवायचा तुकडाच जळून गेलेला. सर रोज सायकलवरून घरी येताना त्या रिकाम्या जागेवर डोकं आपटत राहिले.

*

"रस्ता वाहून गेला, त्यावर आपण पूल टाकला," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. सर एकटेच नाशिकला आले होते. शैलजाताईंना नेहमीची तपासणी आहे असं सांगून. "वाहतूक सुरू झाली. पण पुलाखालचा रस्ता काही आपोआप दुरुस्त होत नाही, सर. उलट पूल असला की त्याची गरजच कुणाला वाटत नाही."

"दुवा नसता, तर रस्ता दुरुस्त झाला असता?"

डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला सारला. त्या तशा सरळ बाई होत्या. "घड्याळ कसं परत आलं तुमचं? त्याला दुवा नव्हता. मेलेल्या भागाच्या शेजारचे पेशी-समूह ते काम शिकले. रोज रोज चुकून, हट्टानं करून. बीजगणिताला ती संधी मिळालीच नाही, कारण आपण लगेच जाळी घातली."

"लगेच का घातली?"

"तुम्हाला शाळा हवी होती. जूनच्या आत."

ते खरंच होतं. सरांनी जूनसाठी डॉक्टरांच्या मागे तगादा लावला होता.

"आता बंद केला तर?"

"मेंदू असा नव्यानं शिकतो तो मुख्यतः पहिल्या दीड-दोन वर्षांत. त्यातला काळ आपण घालवलाय. अजून आहे थोडा. पण मी खात्री देत नाही. थोडं परत येईल, खूप येईल, काहीच येणार नाही, काहीही होऊ शकतं."

"शाळेत चालू ठेवतो. घरी बंद."

"नाही चालणार. मेंदू आळशी नाही, सर, काटकसरी आहे. दिवसातून एक तास जरी आयतं मिळालं तरी तो त्या एका तासाची वाट बघत बसेल. बंद तर पूर्ण बंद, निदान काही महिने. आणि शाळेला सांगून. घरी सांगून."

सरांनी मान डोलावली. डॉक्टरांनी मोबाइलवरून दुव्याचा जोर हळूहळू उतरवत नेण्याची परवानगी दिली. सर धुळ्याला परतले, रोज थोडा थोडा जोर उतरवू लागले, आणि त्यांनी शाळेला सांगितलं नाही, घरीही सांगितलं नाही. सांगितलं तर दोन्हीकडून नाही म्हणतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

*

गणेशोत्सवाची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच दिवशी ते घडलं.

फळ्यावर तीच सुरुवातीची जोडी होती, 2x + y = 7 आणि x − y = 2. उजळणीसाठी. हातानं बेरीज केली. 3x = 9 असं लिहिलं. आणि हात थांबला.

सर वाट बघत राहिले. काही येईना. तीन दिसत होते, नऊ दिसत होते, मधे x उभा होता. एखाद्या परक्या गावाच्या चौकात उभं राहावं आणि कुठल्याच पाटीवरचं एकही अक्षर ओळखीचं असू नये, तसं झालं.

पुढच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सर, तिनानं भागायचं."

"का?" सरांनी विचारलं.

वर्ग हसला. सर मुद्दाम विचारताहेत असं त्यांना वाटलं. सरांनी पुन्हा विचारलं, "का भागायचं? खरंच सांगा."

मग हसणं एकेका बाकावरून विझत गेलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चैताली बेडसे सरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. घंटा व्हायला बराच वेळ होता. सर लेखणी ठेवून बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या नळाखाली त्यांनी डोकं धरलं.

संध्याकाळच्या आत सूर्यवंशी मॅडमकडे पालकांचे फोन सुरू झाले.

"अहिरराव सर, मी तुमची बाजू समजू शकते," सरांनी दुवा उतरवल्याचं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या. "पण दहावीचं वर्ष आहे. पोरांनी काय करायचं? दुवा चालू करा, उद्यापासून वर्ग तुमचाच. नाहीतर वैद्यकीय रजा घ्या. पाठक मॅडम वर्ग सांभाळतील."

"मॅडम, मला थोडा वेळ..."

"वेळ तुम्हाला आहे सर, पोरांना नाही."

सरांनी रजा घेतली.

खरा स्फोट घरी झाला. शैलजाताईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातला पेला ओट्यावर आदळला.

"मला न सांगता? माझ्या पाठीमागं?"

"सांगितलं असतं तर तू..."

"नाहीच म्हटलं असतं! शंभरदा नाही म्हटलं असतं! अहो, तुम्हाला काय, तुम्हाला त्यातलं निम्मं आठवतही नाही. तुम्ही मला पोह्यांची थाळी फेकून मारली होती, आठवतं? मी 'सहा वाजले' म्हटलं म्हणून! घड्याळ कळायला लागलं त्या दिवशी मी रजेवर असून पोस्टात गेले, पेढे वाटले आणि तिथल्या मागच्या खोलीत तासभर रडले. आणि आता पुन्हा तेच? कशासाठी? येत होतं ना सगळं?"

"येत होतं. पण ते मी करत नव्हतो."

"मग कोण करत होतं? तुमचंच होतं ना ते!"

"माझंच होतं, आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. शैला, रोज वर्गात उभा राहून मी... माझीच नक्कल करत होतो गं."

शैलजाताई पेला विसळून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बोलल्या त्या फक्त जेवण-खाण आणि औषधापुरतं.

*

सरांनी सहावीचं पुस्तक काढलं. x + 3 = 7.

हे लिहायला सोपं आहे. पण त्या घरात ते दिवस सोपे नव्हते. कुठल्या तरी संख्येत तीन मिळवले तर सात होतात, ती संख्या कोणती? चार. हे सरांना तोंडी यायचं, कारण मोजणं परत आलेलं होतं. पण तेच x लावून लिहिलं की धुकं. 'कुठली तरी संख्या' आणि x हे एकच आहे, ही गोष्ट त्यांना सकाळी पटायची आणि दुपारपर्यंत निसटायची. तीन पलीकडे गेले की वजा का होतात? पलीकडे म्हणजे कुठे? बरोबरच्या चिन्हाला अलीकड-पलीकड कसली? हे असं शिकवताना त्यांनी वर्गात हजारदा हातवारे केले असतील. आता त्या हातवाऱ्यांचा त्यांना संताप येत होता. पलीकडे काही जात नसतं! दोन्हीकडून तीन काढले, इतकंच! हे उमगलं तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आनंदानं नव्हे, रागानं. इतकी साधी मधली पायरी, आणि पुस्तकात ती गाळलेली.

मग दोन्हीकडे भागणं. मग उणे संख्या. उणे संख्यांनी तर त्यांना रडवलं. रोज काहीतरी थोडं यायचं आणि रोज काहीतरी थोडं जायचं. मोबाइल समोरच पडलेला असे. त्यावर बोट सरकवलं की पुन्हा सगळं येऊ लागेल, हे दिवसातून कितीदा तरी मनात यायचं. एकदा बोट पडद्यापर्यंत गेलंही होतं. त्याच क्षणी फाटकापाशी दूधवाल्यानं हाक मारली म्हणून ते उठले, एवढंच. परत आले ते टेबलाशी बसलेच नाहीत. त्यांनी मोबाइल शैलजाताईंच्या पोस्टाच्या पिशवीत टाकून दिला.

दिवाळीनंतर रजेचे कागद द्यायला ते शाळेत गेले. जिन्यावर चैताली भेटली.

"कसं चाललंय गं गणित?"

"बरं चाललंय, सर. पाठक मॅडम छान शिकवतात."

"आणि तो तुझा प्रश्न? मधे रेषा वाकली तर?"

चैतालीनं खांदे उडवले. "ते मी आता विचारत नाही, सर. तीन ठिपके काढायचे, पट्टी लावायची. चार गुण आहेत. पाठ केलं."

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर निघून गेली. सर कठड्याला धरून तिथंच उभे राहिले. तिच्यावर रागवावं असं काही नव्हतं. राग मात्र इतका आला होता की घरी येताना सायकल दोनदा फुटपाथला घासली.

त्या दिवसापासून त्यांनी y = 2x + 1 सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. रोज आलेखकागद, रोज तेच तीन ठिपके. कधी किमती चुकायच्या, कधी आडवा आणि उभा अक्ष उलटसुलट व्हायचा. आणि सगळं नीट उतरलं की ठिपके तोंड वर करून बघत बसायचे. मधल्या जागेबद्दल काही बोलायचे नाहीत.

एका रविवारी दुपारी पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. शैलजाताई समोर मेथी निवडत होत्या. त्या न राहवून म्हणाल्या, "एवढं काय असतं हो त्या दोन ठिपक्यांच्या मधे?"

कित्येक आठवड्यांनी त्या स्वतःहून काही बोलल्या होत्या. सरांनी सांगितलं. मुलीचा प्रश्न, ठिपके, पट्टी, सगळं.

शैलजाताईंनी मेथीची एक काडी टाकून दिली. "पोरगी काही चुकीचं नाही बोलली. आमच्याकडे पार्सलाचं तसंच असतं. वजन वाढत जातं, दर तोच राहतो, तोच राहतो, आणि एक ग्रॅम जास्त झालं की एकदम उडी. तुम्ही तीन पार्सलं घेऊन पट्टी लावलीत तर साफ फसाल."

"झालं!" सर ओरडले. "म्हणजे वाकतेही, उडीही मारते! मी इथं तीन महिने डोकं फोडतोय आणि तू आणखी एक..."

"ओरडू नका! तुम्ही सांगितलंत म्हणून बोलले. तुमच्या त्या गणिताला पार्सलासारखा टप्पा आहे का, ते मला काय ठाऊक? तुम्हीच बघा. मधलं पार्सल आणा आणि वजन करा."

त्या भाजीची टोपली उचलून आत गेल्या. सर धुमसत बसले. मधलं पार्सल आणा म्हणे. एक आणि दोनच्या मधलं. म्हणजे दीड. दीडची दुप्पट तीन, अधिक एक, चार. त्यांनी तुटक्या पेन्सिलीनं ठिपका दिला. तीन आणि पाचच्या बरोबर मधे, रेषेवर. योगायोग असेल. एक आणि दीडच्या मधे सव्वा. सव्वाची दुप्पट अडीच, अधिक एक, साडेतीन. तोही रेषेवर. त्यांनी मग आणखी मधलं घेतलं, त्याच्याही मधलं घेतलं. x एक घर सरकला की y दोन घरं चढत होता. अर्धं घर सरकला की एक. पाव सरकला की अर्धं. कितीही बारीक पाऊल टाका, चढ दुप्पट. पार्सलासारखा दर कुठं थांबत नव्हता, कुठं बदलत नव्हता.

वाकायला चढ बदलावा लागतो. तो बदलतच नाही. मग वाकणार कशी?

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. आपल्याला हे पूर्वी माहीत होतं का, या प्रश्नाचं उत्तर त्यांना तेव्हाही मिळालं नाही. आता माहीत होतं.

*

फेब्रुवारीत डॉक्टर तांबोळींनी मेंदूचं चित्र काढलं. मेलेल्या तुकड्याच्या काठाला एक बारीक पट्टा नव्यानं जागा झाला होता. "आहे, पण थोडाच आहे," त्या म्हणाल्या. "दहावीचा वर्ग पूर्वीच्या वेगानं घेता येईल असं मला वाटत नाही, सर. बहुधा कधीच नाही."

सर आणि शैलजाताई बसनं परत निघाले. मालेगाव गेल्यावर शैलजाताईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि निम्म्या फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. "दुवा चालू करायचा असेल तर करा," त्या म्हणाल्या. "आणि नसेल करायचा, तर मी भांडणार नाही आता."

सरांनी केला नाही. एप्रिलमध्ये त्यांनी शाळेला कळवलं की दहावी-नववी नको, सहावीचा वर्ग द्या, जमेल तितकं हळू शिकवीन. सूर्यवंशी मॅडमनी विचार करते म्हणून सांगितलं. अजून त्यांचा विचार चालू होता.

मेच्या एका दुपारी दारात चैताली बेडसे उभी राहिली. परीक्षा होऊन गेली होती. ती पोस्टात कसलासा अर्ज पाठवायला गेली होती आणि शैलजाताईंनी खिडकीतून तिला सांगितलं होतं, सरांना तुझं उत्तर सापडलंय, जाऊन ये.

कूलर घरघरत होता. सरांनी आलेखकागद पसरून तिला सगळं दाखवलं. दीड, सव्वा, त्याच्या मधलं, त्याच्याही मधलं. मधे दोनदा अडखळले. एकदा आडवा अक्ष चुकला, पण चैतालीनं घाई केली नाही. सांगून झाल्यावर ती कागदावर वाकून एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. आता ही पटलं म्हणेल, असं सरांना वाटलं.

"मग सर, x चा वर्ग असला की ती का वाकते?"

सरांच्या कपाळावर आठी चढली. इतके महिने हाडं झिजवून इथवर यावं, आणि पोरीनं लगेच पुढचा डोंगर दाखवावा! क्षणभर त्यांना तिला हाकलून द्यावंसं वाटलं.

"मला नाही माहीत," ते म्हणाले. "सरकव तो कागद. करून बघू."

y = x². शून्याचा वर्ग शून्य. एकाचा एक. दोनाचा चार. सर सावकाश, ओठ हलवत, एकेक ठिपका देत गेले. तिनाचा वर्ग. तीन दुणे सहा. त्यांनी सहाच्या घरात ठिपका दिला आणि पेन्सिल उचलली.

चैताली काहीतरी बोलायला तोंड उघडत होती.

"थांब," सर म्हणाले.

काहीतरी खटकलं होतं. कुठं ते त्यांना सांगता येईना, पण खटकलं होतं. शून्यावरून एक म्हणजे एक घर चढ. एकावरून चार म्हणजे तीन घरं. चढ वाढत चालला होता. आणि आता चारावरून सहा, दोनच? वाढता वाढता कमी कसा झाला? कानामागची पेटी मुकी होती, समोरची मुलगी अजून बोललेली नव्हती, आणि तरी त्यांना दिसत होतं की हा ठिपका इथला नव्हे.

"चुकलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "चुकलं गं! माझं चुकलं! तीन त्रिक नऊ!"

"हो सर," चैताली जराशी घाबरून म्हणाली. "मी तेच सांगणार होते."

"तू नाही सांगितलंस," सर म्हणाले, आणि खोडरबरासाठी त्यांनी टेबलावरचं सगळं उलथंपालथं केलं.